कागदावर 'ओ' आहे का, ते आधी पाहा

वाचकांचे प्रश्न, स्त्रीरोगतज्ज्ञांची उत्तरं

गर्भाशयाची पिशवी काढलेल्या बायकांची पत्रं या सदराकडे सतत येतात. या अंकासाठी तीन निवडली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली, कारण त्यातला प्रश्न माझ्या फोंड्याच्या दवाखान्यात कुणी ना कुणी विचारतंच, आणि बहुतेक वेळा दार ओढून घेऊन, हळू आवाजात.

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. मी 42 वर्षांची, सत्तरी तालुक्यातल्या एका गावात राहते. दोन मुली आहेत, मोठी बारावीला. आमची थोडी बागायत आहे, काजूच्या हंगामात मी स्वतः बोंडू वेचायला जाते. गेली काही वर्षं पाळीत इतकं जायचं की कुठे लग्नाकार्याला जायचं धाडस होत नसे. सोनोग्राफीत गाठी निघाल्या. पाच महिन्यांपूर्वी पोट उघडून पिशवी काढली. डॉक्टर म्हणाले, "सगळं काढलं, सुटलात आता." टाके छान भरले. पण दुसऱ्या महिन्यापासून रात्री एकदम अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं, गाऊन भिजतो, उठून बदलावा लागतो. झोप नाही. दिवसा कशावरूनही रडू येतं. परवा भात करपला म्हणून मी चुलीपुढे बसून रडले. जाऊ म्हणते, आता तुझ्यात बाईपण राहिलं कुठे. नवरा चांगला आहे, पण तोही आता काही विचारत नाही. चवथीला फुगडी घालावी का, तीही भीती वाटते. हे सगळं माझ्या मनाचे खेळ आहेत का?
— सत्तरीची एक वाचक

उत्तर : नाही. मनाचे खेळ नाहीत. तुमच्या पत्रातले 'सगळं काढलं' हे दोन शब्द मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले. सगळं म्हणजे काय काय, हे तुम्हाला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही, आणि पुढचं सारं त्यावरच ठरतं.

म्हणून आधी कपाटातली ती फाइल काढा. घरी सोडताना दिलेल्या कागदावर ऑपरेशनचं नाव इंग्रजी अक्षरांत असतं. मुलगी बारावीला आहे, तिला वाचायला सांगा. टी-ए-एच लिहिलं असेल तर पोटावाटे पूर्ण गर्भाशय काढलं, म्हणजे खालच्या मुखासकट. त्याच्यापुढे नुसतं बी-एस असेल तर दोन्ही बाजूंच्या नळ्या काढल्या, बीजकोष ठेवले. बी-एस-ओ असेल तर नळ्यांबरोबर दोन्ही बीजकोष, म्हणजे तुम्ही ज्याला ओव्हरी म्हणता त्या, काढल्या. यू-एस-ओ असेल तर एकाच बाजूची. शेवटचा तो 'ओ' आहे की नाही, ते पाहायचं. बायॉप्सीच्या रिपोर्टमध्येही पिशवीबरोबर काय काय तपासायला आलं याची नोंद असते, तो रिपोर्टही शोधा. कागद हरवला असेल तर जिथे ऑपरेशन झालं तिथे लेखी अर्ज द्या. रुग्णाने मागितल्यावर 72 तासांच्या आत कागदपत्रं द्यायची, असा डॉक्टरांसाठी 2002 पासून नियम आहे. तुम्ही कुणावर संशय घेत नाही आहात, स्वतःच्या शरीराची माहिती मागता आहात. संकोच करू नका.

आता हे का महत्त्वाचं, ते सांगते. गर्भाशय गेलं की पाळी बंद होते, मूल होत नाही. एवढंच. अंगातल्या वाफा, घाम, कोरडेपणा, झोप उडणं ही कामं गर्भाशयाची नव्हेत. इस्ट्रोजेन हा हार्मोन बनतो बीजकोषात. पाळी आपसूक जाते तेव्हा तो काही वर्षं घेत, वरखाली होत कमी होतो आणि शरीर जमवून घेतं. बेचाळिसाव्या वर्षी दोन्ही बीजकोष काढले तर तो काही दिवसांतच जवळजवळ संपतो, खाजन शेतीची मानस, म्हणजे खाडीच्या पाण्याचं दार, एका रात्रीत बंद करावं तसा. वाफा मग जोरात येतात. रात्रीतून चार वेळा उठणारी बाई दिवसा करपलेल्या भातावरून रडली, तर त्यात मला तरी नवल वाटत नाही.

बीजकोष ठेवले असतील तरी असा त्रास होऊ शकतो. ऑपरेशननंतर त्यांचा रक्तपुरवठा थोडा बदलतो, काही जणींचे बीजकोष काही काळ मंदावतात, आणि पिशवी काढलेल्या बायकांची रजोनिवृत्ती इतरांपेक्षा थोडी लवकर येते. पाळीच नाही म्हटल्यावर ती आली हे कळायला बाहेरची खूण राहत नाही. तुमच्या बाबतीत 'ओ' नसेल तर बीजकोष मंदावलेत का हे पाहायला एफएसएच नावाची रक्ताची तपासणी करतात, गरज वाटली तर चार-सहा आठवड्यांनी पुन्हा. त्याच रक्तात हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा) आणि थायरॉइडही बघायला सांगा. वर्षानुवर्षं रक्त गेलेल्या बाईचा लोहाचा साठा रिकामा असतो. ऑपरेशनने गळती थांबते, साठा आपोआप भरत नाही. लोहाच्या गोळ्या हिमोग्लोबिन ठीक झाल्यावरही साधारण तीन महिने चालू ठेवाव्या लागतात. बऱ्याच जणी मध्येच सोडतात आणि मग 'ऑपरेशनने अशक्तपणा आला' म्हणतात.

दोन्ही बीजकोष काढलेले निघाले तर तुमच्या वयात इस्ट्रोजेन बाहेरून घेण्याबद्दल डॉक्टरांशी गंभीरपणे बोला. फक्त वाफांसाठी नव्हे. 45 च्या आत बीजकोष गेले आणि ती भर घातली नाही, तर हाडं लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. गोळी असते, त्वचेला लावायची जेल असते. पिशवी नसलेल्या बाईला साधारणपणे एकटं इस्ट्रोजेन पुरतं. प्रोजेस्टेरॉन हा दुसरा हार्मोन जोडतात तो पिशवीच्या आतल्या अस्तराला जपण्यासाठी, आणि तुमचं अस्तरच राहिलेलं नाही. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे तसलं अस्तर पिशवीबाहेर वाढण्याचा आजार, असेल तर हिशेब वेगळा. साधारण पन्नाशीपर्यंत, म्हणजे एरवी पाळी गेली असती तोवर, हे औषध देतात.

"हार्मोनने कॅन्सर होतो" हे तुम्हाला शेजारीण सांगेल, कदाचित एखादा डॉक्टरही सांगेल. ही भीती 2002 साली अमेरिकेत मध्येच थांबवलेल्या एका मोठ्या अभ्यासातून आली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय साठीच्या पुढचं होतं आणि त्यांना दोन हार्मोन एकत्र दिले होते. त्याच अभ्यासात पिशवी काढलेल्या बायकांचा वेगळा गट होता, त्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. त्या गटात स्तनांचा कॅन्सर वाढला नाही. पक्षाघाताचं प्रमाण मात्र थोडं वाढलं, हेही खरं. म्हणून स्तनांचा कॅन्सर होऊन गेलेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली असेल, पक्षाघात झाला असेल, यकृताचा आजार असेल तर हे औषध सहसा देत नाहीत. हार्मोन चालणार नसतील तर वाफा कमी करणारी दुसरी औषधं आहेत, मनाच्या आजारासाठी वापरतात त्यातलीच काही. ती लिहून दिली म्हणजे तुम्हाला वेडी ठरवलं असा अर्थ काढू नका. आणि हे वाचून फार्मसीत जाऊन काहीही स्वतः आणू नका, रक्तदाब आणि स्तनांची तपासणी झाल्याशिवाय तर नाहीच.

हाडांसाठी घरात जे आहे ते पुष्कळ आहे. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि दिवसाची गरज 1000 च्या आसपास. तिझान, म्हणजे नाचणीची खीर करा, नाचणीची भाकरी करा. काट्यासकट खाता येतील असे बारीक मासे, तीळ, दूध, ताक हे त्याच्या जोडीला. सकाळचं ऊन अंगावर घ्या. बागायतीतलं चालणं चालू ठेवा, हाडांना भार लागतो.

आता रडण्याबद्दल. तुम्हाला मुलं झाली आहेत, पिशवीने छळच मांडला होता, ती गेली म्हणून सुटका वाटायला हवी, असं सगळे म्हणत असतील. बहुतेक बायकांना सुटका वाटतेही. पण सुटका आणि दुःख एकाच बाईच्या पोटात एकत्र राहू शकतात. जिथे दोन मुली वाढल्या तो अवयव गेला, पाळीचा तो महिन्याचा हिशेब गेला. त्याबद्दल वाईट वाटलं तर वाटू द्या. माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी कित्येक जणी या दुःखाबद्दल माफी मागत बोलतात, आणि मला ते फार लागतं.

जाऊबाई जे बोलल्या ते चूक आहे आणि क्रूरही आहे. आवाज, केस, स्तन, इच्छा, मायेचा स्पर्श, यातलं काहीच त्या पिशवीत ठेवलेलं नसतं. तिच्या जागी आत पोकळीही राहत नाही. आजूबाजूची आतडी हळूहळू सरकून ती जागा भरतात.

एक गोष्ट मात्र स्वतः ओळखा. झोप लागली की मन थोडं हलकं होत असेल, मुलीशी बोलताना हसू येत असेल, तर वाफांवर उपचार झाले की बरंच सुधारेल. पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस सतत उदास वाटत असेल, जेवण, बागायत, मुली कशातच जीव रमत नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्याला वेगळे उपचार आहेत. पूर्वी कधी असा आजार झाला असेल तर ऑपरेशनच्या डॉक्टरांनाही सांगा, अशा बायकांना नंतर जास्त जपावं लागतं. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, दिवसा-रात्री केव्हाही लावा. जगू नये असा विचार येत असेल तर आजच लावा, आणि घरच्या कुणाला तरी सांगा. बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. आपल्या गोव्यातल्याच आरोग्य केंद्रांत 'संगाथ' या संस्थेने प्रशिक्षण देऊन तयार केलेल्या साध्या समुपदेशकांकडून नैराश्याच्या रुग्णांना गुण येतो, हा अभ्यास 2010 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. बोलण्याने काय होणार, असं म्हणणाऱ्यांना मी तो सांगते.

फुगडी घाला. पोट उघडून केलेल्या ऑपरेशनला साधारण बारा आठवडे गेले की हळूहळू सगळी कामं करता येतात, तुम्हाला पाच महिने झाले. चवथीपर्यंत रोज अर्धा तास भरभर चाला, म्हणजे दम टिकेल. पहिल्या दिवशी बसफुगडी नको, उभ्याने दोन फेर घेऊन बघा. टाक्याच्या जागी फुगवटा दिसला किंवा ओढ लागून दुखलं तर थांबा आणि तपासून घ्या, तिथे हर्निया होऊ शकतो. तसं काही नसेल तर खुशाल घाला, जाऊबाईंचे हात धरून.

नवरा विचारत नाही म्हणता. त्याचं उत्तर पुढच्या पत्रात सापडेल, तेवढा भाग त्यांना वाचायला द्या.

प्रश्न : मी कुडचड्याचा, वय 47. दोन महिन्यांपूर्वी पत्नीची पिशवी दुर्बिणीतून काढली, अंडाशय (बीजकोष) ठेवले आहेत. आता आम्ही नवरा-बायको म्हणून एकत्र येऊ शकतो का? आतले टाके उसवतील अशी भीती वाटते. एक मित्र म्हणाला, त्याने पुरुषाला अशक्तपणा येतो. आणि विचारायला लाज वाटते, पण पिशवी नाही तर वीर्य जातं कुठे?
— एक वाचक

उत्तर : तुम्ही विचारलंत याचा मला खरोखर आनंद झाला. या विषयावर नवऱ्यांची पत्रं फार थोडी येतात.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो कित्येकांच्या मनात असतो. योनिमार्ग वरच्या टोकाला शिवून बंद केलेला असतो. वीर्य पूर्वीही बहुतांश बाहेरच येत असे, आताही येतं. पोटात कुठे साचत नाही, त्याने इजा होत नाही. मित्राच्या म्हणण्याला कसलाही आधार नाही.

टाक्यांची भीती मात्र अगदीच अनाठायी नाही. ते वरचं टोक भरून यायला सहा ते आठ आठवडे लागतात, दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर काही डॉक्टर बारा आठवडे थांबायला सांगतात. म्हणून पत्नीच्या पुढच्या तपासणीला तुम्ही बरोबर जा आणि "आतलं भरलंय का, आता चालेल का," हे तुम्ही विचारा. सगळं तिनेच विचारावं असं नाही. तोवर तपकिरी, पातळ स्राव येत असेल तर बहुधा ते विरघळणारे टाके असतात. ताजं लाल रक्त, दुर्गंधी, ताप, एका पोटरीला सूज किंवा दुखणं, धाप लागणं, यातलं काहीही दिसलं तर तपासणीच्या तारखेची वाट बघू नका, लगेच घेऊन जा. एकत्र आल्यानंतर अचानक जोरात दुखलं आणि पाणी किंवा रक्त आलं तरीही. हे क्वचित घडतं, पण तेव्हा 108 बोलवायचा.

डॉक्टरांनी होकार दिल्यावर घाई करू नका. बऱ्याच बायका ऑपरेशननंतर म्हणतात की आता बरं वाटतं, कारण आधी दुखायचं, रक्त जायचं, दिवस राहण्याची भीती असायची. पण सगळ्यांचं तसं होत नाही. काही जणींना पिशवीचं आकुंचन जाणवायचं, ते आता जाणवत नाही आणि सुखाची तऱ्हा बदलते. कोरडेपणा आला तर फार्मसीत पाण्यात विरघळणारी जेली मिळते, तीही पुरली नाही तर आतून लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम डॉक्टर लिहून देतात. किती, कधी, कसं, हे पत्नीच्या हातात राहू द्या. दुखलं तर ती थांबवेल आणि तुम्ही थांबाल, एवढा विश्वास तिला आधी मिळाला पाहिजे.

अजून एक. तुम्ही तिच्या टाक्यांच्या भीतीने दूर राहता, हे तिला ठाऊक आहे का? सत्तरीच्या बाईंचं पत्र वर वाचा. नवरा लांब झोपतो म्हणजे मी नकोशी झाले, असंच बाईला वाटतं. तुमची भीती तिला सांगून टाका. आणि पाण्याची कळशी, गॅसचा सिलिंडर, तांदळाची पोती काही आठवडे तुम्हीच उचला.

प्रश्न : आई 67 वर्षांची, पेडणे तालुक्यात राहते. अंग बाहेर यायचं म्हणून दोन वर्षांपूर्वी खालून पिशवी काढली. आता पुन्हा खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं म्हणते, खोकताना कपडे ओले होतात. डॉक्टरकडे यायला तयार नाही, "पिशवीच नाही तर येणार काय?" म्हणते. पॅप टेस्ट, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची तपासणी, करावी लागेल का?
— एक मुलगी

उत्तर : पिशवी गेली तरी तिला धरून ठेवणारे स्नायू आणि बंध सैलच राहिलेले असतात. मग मूत्राशय किंवा योनिमार्गाचं वरचं टोक खाली उतरतं. वयाने, जुन्या खोकल्याने, बद्धकोष्ठाने आणि विहिरीचं पाणी भरण्याने ते वाढतं. आईला सांगा की हा काही लाजेचा आजार नाही आणि दर वेळी ऑपरेशनच करावं लागतं असंही नाही. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो ते पाच मोजेपर्यंत आवळायचे, तेवढाच वेळ सोडायचे, असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. प्रत्यक्ष लघवी करताना हा व्यायाम करायचा नाही. आत बसवायची रबराची रिंगही असते, ऑपरेशन नको असलेल्या वयस्कर बायकांना ती बऱ्याचदा पुरते. खोकला कशाचा आहे तेही बघायला हवं, आणि लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग नाही ना हे पाहायला हवं.

खालून पिशवी काढताना मुखही बरोबर निघतं. बायॉप्सीत काही वाईट नव्हतं आणि आधीच्या तपासण्याही चांगल्या होत्या, तर पॅप टेस्टची गरज नाही. रक्त दिसलं तर मात्र एकही दिवस थांबू नका, त्याचं कारण शोधावंच लागतं.

म्हापशाला जिल्हा हॉस्पिटलात स्त्रीरोग विभागाच्या ओपीडीला घेऊन जा. ऑपरेशनचा जुना कागद बरोबर न्या. आणि निघताना आईला लघवी करू नको म्हणून सांगा. मूत्राशय भरलेलं असताना डॉक्टर खोकून दाखवायला सांगतात, गळती किती आहे ते तेव्हाच नीट कळतं.